काकांना नमस्कार कर

समोरच्या फ्लॅटमधल्या दामल्यांनी तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणलंय. नाव ठेवलंय कॅप्टन, आणि दिवसभर हुकूम सोडतात ते त्याच्यावरच. काल मला चहाला बोलावलं तेही त्याची शिकवणी दाखवायला.

दामले "बस" म्हणाले. पिल्लू त्यांच्या मुठीतल्या बिस्किटाकडे बघत उभंच राहिलं. मूठ वर गेली, तशी मान वर करता करता त्याचं बूड आपोआप टेकलं. "बघा, शब्द कळतो त्याला," दामले म्हणाले. पिल्लाला बिस्कीट कळत होतं. दामल्यांना तेवढंही कळत नव्हतं.

मग वहिनी त्याला म्हणाल्या, "काकांना नमस्कार कर बघू."

हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा. याच सोफ्यापुढे त्यांची मुलगी उभी असायची. "काकांना कविता म्हणून दाखव." फ्रॉकचं टोक पिळत ती म्हणायची, अडली की वहिनी हसून सांगायच्या, "एरवी अगदी घडाघडा म्हणते हो." आता ती कॉलेजात आहे. पाहुणे आले की तिच्या खोलीचं दार आतून बंद होतं. "माणूसघाणी झालीय," असं दामले चारचौघांत सांगतात.

तिसऱ्या हुकमाला पिल्लाने पुढचे पंजे उचलले आणि त्याला बिस्कीट मिळालं. मुलीला तेही कधी मिळालं नव्हतं. तिच्या वाट्याला नुसत्या टाळ्या यायच्या, आणि त्या वाजवायला मी असायचो.

कालही वाजवल्या.