माश्यांवरचं ओलं पोतं

दिग्रसला मी एका ट्रकसोबत क्लीनर म्हणून आलो. ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला, मी राहिलो. मला कावीळ झाली होती, आणि गाडी ज्या गॅरेजपुढं बंद पडली होती त्या गॅरेजवाल्या उस्तादांच्या घरानं मला महिनाभर खाटेवरून उठू दिलं नाही. उठलो तेव्हा हातात पाना आला, तो अजून आहे. मी रत्नागिरीकडचा, सातवीतच शाळा सोडलेला. उस्ताद मला कोकण्या म्हणतात. आजही त्यांनी नुसतं "इकडं ये बे" म्हटलं तरी मी हातातला पाना खाली ठेवतो. वाटतं, आता सांगतील, जा बाबा आपल्या गावी.

गेल्या मे महिन्यात तर खात्रीच झाली होती. उस्तादांची मुलगी, जिला मी बाजी, म्हणजे ताई, म्हणतो, यवतमाळला एम.एस्सी. करते. सुट्टीत ती बाटल्यांचा खोका घेऊन आली. आत पिकल्या केळ्यावर घोंघावतात तसल्या बारक्या माश्या होत्या. त्यांच्यावरच तिचा प्रकल्प होता. माश्यांचे कोष झाले की अर्ध्या बाटल्या कूलरच्या खोलीत ठेवायच्या आणि अर्ध्या रोज थोडा वेळ गॅरेजच्या टिनाच्या छपराखाली तापवायच्या. खांबावरचा थर्मामीटर पाहून बाटल्या आत-बाहेर करायचं काम माझ्याकडं आलं.

"पण त्यांना तापवायचं कशाला?" मी कार्बोरेटर धुता धुता विचारलं.

बाजीनं समजावलं. शरीरात प्रथिनं लांब दोऱ्यासारखी तयार होतात, आणि दोऱ्याची नीट घडी पडली तरच ती कामाची. घडी पडेपर्यंत त्यांना धरून ठेवणारी वेगळी प्रथिनं असतात, त्यांना शॅपरोन म्हणतात. एखाद्या माशीला आईबापाकडून जरा वेगळा दोरा आला, तरी शॅपरोन सांभाळून घेतात. वरून सगळ्या माश्या सारख्याच दिसतात.

"उन्हात सगळेच दोरे उसवायला लागतात," ती म्हणाली. "शॅपरोन तिकडं धावतात. मंग आधीपासून लपलेलं बाहेर येते. ऊन नवीन काही करत नाही बाबू, होतं तेच दाखवते."

पहिल्या खेपेच्या माश्या निघाल्या. बाजी भिंगाखाली पाहत बसली, आणि पाहता पाहता तिचं तोंड उतरलं. तापवलेल्यांपैकी काहींच्या पंखांत तरी वेगळेपण दिसायला हवं होतं; पण सगळ्यांचे पंख कूलरमधल्यांसारखेच निघाले.

"तू बाहेर ठेवल्या होत्या नं?"

"ठेवल्या होत्या, बाजी."

"खरं सांग."

मी खरंच सांगत होतो. पण कोण मानणार? उस्ताद म्हणाले, "काय करून राह्यला बे कोकण्या? पोरीचं वरीस वाया जाईन." आता सुट्टीत एकच खेप बसत होती. मी मनातल्या मनात पिशवी भरली. दोन शर्ट, एक पँट आणि उस्तादांच्या बायकोनं, म्हणजे चाचीनं, शिवलेली गोधडी. गोधडी न्यावी की नाही, हे काही ठरेना.

दुसऱ्या खेपेच्या पहिल्या दिवशी मी बाटल्या टिनाखाली ठेवल्या आणि शेजारच्या जीपखाली शिरलो. थोड्या वेळानं जीपखालून मला दोन पाय दिसले. पायांशी पाणी ठिबकत होतं. सरकून बाहेर आलो, तर चाची बाटल्यांवर ओलं पोतं पांघरत होती. पिण्याच्या माठावर टाकते तसंच, कोपरे दाबून.

"चाची! हे काय?"

"ओरडतो काहून? जीव आहे नं त्याइले. इतक्या उन्हात कोंडून ठेवलं. मले तं झोप नाही येत."

"मागच्या वेळीही?"

"तं काय! तू बाटल्या उचलाले यायच्या आधी पोतं काढून घेत होती. बाजीले नको सांगू."

आता सांगू तर काय सांगू? जिनं मला महिनाभर उसाचा रस पाजला, तिचं नाव मी घेऊ? मी पोतं काढलं आणि तोंड मिटलं.

रात्री जेवताना उस्तादांनी पुन्हा माझ्यावर तोंड सोडलं. चाचीनं त्यांच्या ताटात पोळी वाढली. घरात आपसात ते कधी हिंदी, कधी मराठी बोलतात. ती शांतपणे म्हणाली, "उसको कायकू बोलते? गोनी मैं डालती थी."

मग बाजी एवढी हसली की तिला ठसका लागला. "अम्मी, शॅपरोनचं काम तं तूच करून राह्यली होती!"

"मंग चांगलंच काम आहे ते," चाची म्हणाली आणि मला वरण वाढलं.

पुढं रोज बाटल्या बाहेर आल्या की चाची दार लावून आत बसायची, दिसायलाच नको म्हणून. माश्या निघाल्या तेव्हा बाजीनं मला हाक मारली. भिंगाखाली एका माशीच्या पंखातली आडवी शीर मधेच तुटलेली होती. कडेची दुसरी माशीही तशीच. बाकीच्यांच्या शिरा अखंड होत्या.

"हे हिच्या आजीपासून घरात होतं," बाजी म्हणाली. "आत्ता दिसलं." आता ती असल्याच माश्यांच्या जोड्या लावत जाणार. पिढ्यामागून पिढ्या निवडल्या, तर पुढं ऊन न देताही असा पंख दिसायला लागतो, आणि उत्क्रांतीला हातात धरायला काहीतरी मिळतं, असं ती म्हणते. मला सगळं समजलं असं नाही. पण त्या माशीकडं मी बराच वेळ पाहिलं.

"इकडं ये बे," उस्तादांनी हाक मारली. आता सांगतील, असं वाटलंच. जीपचा गिअरबॉक्स उतरवायचा होता, एवढंच.

टिनाखाली जाताना मागून डोक्यावर गार, ओला टॉवेल पडला.

"राहू दे," चाची म्हणाली. "तुले कोनी भिंगाखाली नाही पाहून राह्यलं."