कमरूभाईची भिंत

मुकुंदवाडीच्या कमरोद्दीननं चाळीस वर्षं लोकांच्या लग्नाचे मांडव घातले. आमच्या घरचे तिन्ही मांडव त्याचेच. पत्रिकेत नवरा-नवरीचं नाव, मामाचं नाव, जो मामा लग्नाला आलाच नाय त्याचंबी नाव. मांडववाल्याचं कोण छापतंय? पुढं लॉन निघाले, तिथं लोखंडी कमानी तयारच असतात. कमरूभाईच्या कनाती घडी घालून कोपऱ्यात पडल्या अन् त्यांच्यावर मांजर व्याली.

माझी नात सोनिया नाटकात काम करते. मागच्या हिवाळ्यात त्यांचं नाटक स्पर्धेला होतं. त्यात एका गरीब मास्तराचं घर पाहिजे होतं. एक भिंत, एक दार, एक खिडकी. सुताराला द्यायला पोरांकडं काही नव्हतं. मी म्हणलं, कमरूभाईकडं जा.

नाटक बसवणारा अभय आमच्यासंगं आला. कमरूभाईनं मजुरीचं विचारलंच नाय. म्हणाला, "नाटकाच्या आधी माइकवर नावं सांगतात म्हणे. भिंत ज्यानं केली त्याचंबी?"

"सांगतात की, चाचा. नेपथ्य म्हणून."

"पूरा नाव?"

"पूर्ण. पण भिंत उभी राहिली तर. नाय राहिली तर आम्ही काळा पडदा सोडून करू, मग नाव कुणाचंच नाय."

कमरूभाईनं मांजर उठवली.

भिंतीसाठी काढलेल्या लग्नाच्या लाल कनातीचा भडकपणा मारायला त्यानं चहाचा चोथा उकळून तिला त्यात दोन दिवस भिजवलं. त्याची बायको अमिना माझ्याकडं पुंडलिकनगरला आली ती कपाळाला हात लावूनच. "आक्का, वासिफ के अब्बा को देखो. लोगां चाय पीते, हमारे घर में कनातां पी रईं."

खिडकीचे गज भाजीच्या क्रेटचे, कोनाडा बिस्किटाच्या डब्याचा. भिंतीवर ओल कशी रंगवायची म्हणून कमरूभाई माझ्या स्वयंपाकघरातली भिंत बघून गेला. तीच ओल त्यानं गेरूनं उतरवली. माझ्या घराची ओल स्पर्धेला गेली, प्लंबर काय अजून आला नाय.

खिळा मात्र कुठंच नव्हता. खिळ्यानं बांबूला भोक पडतं, मग दुसऱ्या मांडवाला तो कामाचा राहत नाय. सगळं सुतळीच्या गाठींवर.

नाटकाच्या दिवशी मी अन् अमिना तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पहिली घंटा झाली अन् सोनिया धावत आली. "आजी, भिंत उलटी लागली! चाचा ऐकंनात, तू चल."

मी आत गेले. भिंत लई झकास उभी होती. ओल, कोनाडा, जुनं कॅलेंडर, सगळं जागच्या जागी. फक्त तोंड आतल्या बाजूला. लोकांना दिसणार होते नुसते बांबू अन् टाके. कमरूभाई आत उभा राहून खुशीत बघत होता.

"चाचा, लोक तिकडं बसलेत!" अभय म्हणाला.

"मग हे कोण?" कमरूभाईनं नटांकडं बोट केलं.

"हे काम करणारे."

"काम करणारे बाहेर असतात, बेटा. पाहुणे आत."

चाळीस वर्षांत त्यानं बाहेर बसणाऱ्यासाठी कधी कनात बांधलीच नव्हती. मी त्याला पडद्याच्या फटीतून खुर्च्या दाखवल्या. तेव्हा कुठं त्याचा चेहरा उतरला.

"काढा सगळं," अभय म्हणाला. "काळा पडदा सोडा."

"ठैर जा. गाठ हाय, खिळा नाय."

त्यानं मागच्या दोन्ही टेकूंच्या गाठी सोडल्या. चार पोरांनी भिंत उचलून फिरवली. एक टेकू बांधून झाला अन् तिसरी घंटा वाजली. दुसरा बांबू कमरूभाईनं स्वतःच्या खांद्यावर घेतला, पोरांना हाकललं अन् मागं उभा राहिला. मी धावतच खुर्ची गाठली.

माइकवर नावं झाली. अमिनानं बसल्या बसल्या ओढणी सारखी केली.

भिंत फिरली तसं दारबी डावीकडचं उजवीकडं गेलं होतं. मास्तर झालेला शिवराज सवयीनं डावीकडून आला अन् भिंतीला धडकला. लोक हसले. त्यांना वाटलं, मास्तर विसरभोळा हाय.

नेपथ्याचं बक्षीस दुसऱ्यालाच गेलं. त्यांच्याकडं खरंखुरं दार होतं म्हणे, कडीकोयंड्यासकट.

पण ते नंतर. त्या दिवशी नाटक संपल्यावर आम्ही आत गेलो, तर कमरूभाई खांदा चोळत बसला होता.

"नाव लिया क्या? मागं काही ऐकू नाय आलं."

"लिया," अमिना म्हणाली.

"पूरा?"

"पूरा. अब्बाजी का भी."

"कैसा बोले? बोल के बता."

अमिनानं तोंड उघडलं अन् मिटलं. निकाह झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाय. तिनं माझा हात दाबला. "आक्का, तुम बोलो."

मग मीच घसा साफ केला अन् माइकवाल्यासारखं मोठ्यानं म्हणलं, "नेपथ्य, कमरोद्दीन इमामोद्दीन शेख."

"व्हय," कमरूभाई म्हणाला, अन् गाठी सोडायला उठला.