नियमात न बसलेलं पॅकेज

आमचा एक दोस्त होता. चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचा, "नियमात बसत न्हाय, अण्णा." तुमच्याही ओळखीत असा एखादा दीडशहाणा असेलच.

जगभरातले हौशी लोक मिळून संगणकाची एक फुकट प्रणाली चालवतात. त्यात आम्हीही होतो, मी निपाणीतून, तो पिरनवाडीतून. नवे पॅकेज, म्हणजे कुणी लिहून पाठवलेला प्रोग्राम, आत घ्यायचे की नाही, हे तपासायचे काम त्याच्याकडे. पगार शून्य, रुबाब तहसीलदाराचा. एकाचे पॅकेज त्याने एक फाईल भलत्या फोल्डरात होती म्हणून तीनदा परत धाडले होते.

माझी आक्का सदलग्याच्या शाळेत मराठी शिकवायची. तिला दिसत नाही. मुले निबंध संगणकावर लिहायची आणि ते तिला कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागायचे. हे तिला फार लागे. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, तेवढी तरी निबंध माझे मी तपासते म्हणाली. म्हणून मी मराठी वाचून दाखवणारे पॅकेज तयार केले.

याने अडवले. आतली शब्दांची यादी कंग्राळीच्या एका म्हाताऱ्या मास्तरांची, आणि त्यांनी परवानगी तोंडी दिलेली. लेखी नाही म्हणजे नियमात नाही! बरं, मग स्वतःच कंग्राळीला गेला, मास्तरांना शेतात गाठून सही घेऊन आला. तोवर प्रणालीच्या नव्या आवृत्तीत पॅकेज घ्यायचे दार बंद होऊन एक दिवस झाला होता. पुढची आवृत्ती दोन वर्षांनी.

मी आक्कासाठी त्याच्यापुढे हात जोडले. एकच दिवस की रं, म्हणालो.

"आज तुमच्या आक्कासाठी उघडलं, तर उद्या कुणाला न्हाय म्हणू?"

असला नियम काय चुलीत घालायचाय? शाळेचे संगणकही यानेच बसवून दिलेले, आणि प्रणालीबाहेरचे काही त्यात घालायचे नाही, हाही याचाच कायदा. माझे पॅकेज त्यात थेट घालणे दोन मिनिटांचे काम. ते सोडून हा गाढव दर शनिवारी बस बदलत बदलत सदलग्याला जायचा आणि आक्काला सगळे निबंध वाचून दाखवायचा. दोन वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. पोरांच्या चुका वाचताना त्याला हसू आवरायचे नाही, मग आक्काही हसायची. त्याच्यावर धड रागावताही येईना, याचा मला जास्त राग यायचा.

मे महिन्यात आक्का निवृत्त झाली. जूनमध्ये छातीत कळ येऊन तो गेला. नवी आवृत्ती आली ऑगस्टात, त्यात माझे पॅकेज होते.

मी आक्काच्या घरी ते लावून दिले. यंत्र तिच्या एका विद्यार्थिनीचा जुना निबंध घडाघडा वाचू लागले. आक्काने शेवटपर्यंत ऐकला आणि पदराने डोळे पुसले.

"माणूस लई चांगला हुता," ती म्हणाली. "पण माझी शेवटची दोन वर्सं खाल्ली रं त्यानं."