नकारघंटा

औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभी राहिलेली बाई खोटं बोलायला लागली तर कसं बोलते, हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं तिला फोनवर ऐकायला हवं होतं. ‘बरं नाही’ असला मोघम आजार तिनं कधी कुणाला दिला नाही. “काल दुपारपासून कानाखाली सूज आहे, घास चावताना दुखतंय, डॉक्टर म्हणाले गालगुंड असू शकेल,” असं ती सांगायची. पलीकडचा माणूस घाबरून विचारायचा, “पण कार्यक्रम रविवारी आहे हो, वहिनी.” ती म्हणायची, “पाठवते की. फक्त तुमच्याकडे लहान मुलं आहेत, तेवढं बघा.” संपलं. वर तो माणूसच आभार मानून फोन ठेवायचा.

गालगुंड झालेला नवरा तेव्हा समोरच्या खुर्चीत मांडीवर टॉवेल पसरून व्हायोलिनच्या तारा पुसत बसलेला असायचा, अगदी ठणठणीत.

त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. शाळेत कुणी पेन्सिल मागितली तर हा दप्तरच देऊन मोकळा व्हायचा, असं त्याची बहीण सांगायची. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात तो पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसे, आणि त्या खुर्चीला शोभेल असं वाजवीही. पण या धंद्याची रीतच अशी, की नाट्यगृहाचा करार सोडला तर बाहेरचं सगळं तोंडी चालतं. मध्यंतरात, जिन्यात, व्हायोलिनच्या गजाचा ताण सैल करताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतं, “बारा तारखेला येशील ना?” आणि हा म्हणायचा, “हो, येतो की.” तासाभरानं दुसरा विचारायचा, त्यालाही, “येतो की.” भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. या घरात ती बहीण कायमची राहायला आली होती.

मग जेवताना, दुसरी पोळी वाढून झाली की तो हळूच म्हणायचा, “अगं, जरा एक गोंधळ झालाय.”

ती हात धुऊन फोनपाशी जायची. फोनशेजारी एक रेघांची वही होती. डावीकडे माणूस, उजवीकडे आजार, पुढे तारीख. एका माणसाला एक आजार दोनदा द्यायचा नाही, हा तिचा नियम. पाठदुखी, पोट, दाढ, डोळे येणं. एकदा त्याच्या एका काकांना तिनं चक्क वर पाठवलं आणि पुढे ते काका खरेच भेटायला आले तेव्हा चार दिवस त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. सुरुवातीला दोघं यावर पोट धरून हसायची. लग्नाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील, आणि खोटं बोलण्यात एक प्रकारची जवळीकही असते.

हसू कधी थांबलं ते तिला नेमकं सांगता आलं असतं. एका प्रयोगाला ती नाट्यगृहाच्या स्वच्छतागृहात होती आणि बाहेर आरशापाशी दोघी बायका बोलत होत्या. एक म्हणाली, “तो बिचारा देवमाणूस गं. त्याला यायचं असतं, पण ती नकारघंटा सोडते का?” दुसरी म्हणाली, “सतत काहीतरी दुखणं काढून घरी बसवते.” त्या निघून जाईपर्यंत ती आतच उभी राहिली. घरी येऊन त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “लोकांचं काय मनावर घेतेस.” लोकांचं तिनं घेतलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही, एकालाही, ‘चूक माझी होती, मीच दोन ठिकाणी शब्द दिला होता’ असं तो बोलला नाही, हे तिनं मनावर घेतलं होतं. तो गोड राहिला आणि कडूपणा सगळा तिच्या वाट्याला आला.

यातून सुटायची वाट पाच वर्षांपूर्वी घरी चालत आली होती. एक मॅनेजर बाई आल्या होत्या. एक बासरीवाला आणि एक गायिका अशा दोघांचं काम त्या बघायच्या. तारखा, करार, प्रवास, रजा, सगळं. त्यांनी वहीकडे पाहिलं, चाळली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, तुम्ही नाही म्हटलंत की लोकांना अपमान वाटतो. म्हणून तुम्हाला आजार शोधावे लागतात. मी नाही म्हटलं तर तो व्यवहार असतो. ‘तारीख रिकामी नाही,’ एवढं एक वाक्य. त्यावर कुणी रुसत नाही.”

नवरा लगेच म्हणाला, “हो हो, नक्की. कधीपासून सुरू करू या?” म्हणजे त्यांनाही त्यानं ‘हो’च म्हटलं. आणि त्या गेल्यावर बायकोला म्हणाला, “घरचं माणूस असताना परकं कशाला? तुझ्याइतकं कुणाला जमणार आहे?”

तिनं तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं की मला हे नकोय, मी थकले. पण ते शेवटचं वाक्य ऐकून ती सुखावली. खरं सांगायचं तर त्याच्या संगीतात तिचा जो काही वाटा होता तो एवढाच, आणि तो कुणा परकीच्या हातात द्यायला तिचं मन होईना. दुसऱ्या दिवशी तिनं मॅनेजर बाईंना फोन केला आणि म्हणाली, सध्या त्याच्या कानात दडे बसतायत, नवीन काही नको. “ताई, मलासुद्धा आजारच का?” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. वहीत त्यांच्या नावापुढे तिनं ‘कान’ असं लिहून ठेवलं.

यंदाच्या वर्षी त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. “झोपलीय करंगळी,” तो म्हणायचा आणि हात झटकायचा. तिनं दुकानात असे हात पाहिले होते. ओढूनच त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं, तारा जोडून तपासणी केली आणि स्पष्ट सांगितलं, कोपरापाशी नस दबलीय. बारा आठवडे वाद्य पूर्ण बंद, हात पट्ट्यात. आत्ता थांबलात तर बोटं परत येतील. वाजवत राहिलात तर स्नायू वाळतील, आणि मग शस्त्रक्रियेनंही फारसं काही होणार नाही. त्यांनी तसा दाखला लिहून दिला.

नव्या संगीत नाटकाच्या तालमी सोमवारपासून होत्या. वाद्यवृंदाच्या संचालकांना सगळे मास्तर म्हणत. तिनं मास्तरांना फोन लावला, आणि तिच्या लक्षात आलं की खरं बोलायचा तिला सराव उरलेला नाही. खोट्या आजारांचे तपशील कसे घडाघडा यायचे. आता ती अडखळली. “त्यांचा हात... म्हणजे डावा... कोपरापाशी नस आहे ना... बारा आठवडे लागतील म्हणालेत.”

मास्तर म्हणाले, “वहिनी, हात तुम्ही मला तीन वर्षांपूर्वी दिला होता.”

तिनं वही उघडली. होतं तसं. ‘मास्तर – डावं मनगट, सूज.’

“तेव्हा मनगट होतं, मास्तर. हे कोपर आहे.”

“त्याआधी दाढ, त्याआधी पाठ. बारा आठवडे म्हणजे कुठला तरी दौरा घेतलाय त्यानं. सरळ सांगा ना, मी काय खाऊन टाकणार आहे का?” माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, आणि बिचाऱ्याचा विश्वास या घरानंच संपवला होता.

“शपथेवर सांगते, मास्तर.”

“शपथ राहू द्या. त्याला द्या फोन.”

तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली, तोंडापुढे बोट हलवत, नाही म्हणा, नाही म्हणा. तो तिच्याकडे बघत फोनवर म्हणाला, “हो मास्तर... नाही नाही, तसं फार काही नाही... ती जरा काळजी करते... हो, हो, येतो की.”

फोन ठेवल्यावर म्हणाला, “अगं, ते इतके नाराज झाले होते.”

“हात जाईल तुमचा.”

“थोडे दिवस बघू. डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात.”

“माझ्यासारखं?” तिनं विचारलं. तो हात झटकत उठला.

तिनं तो दाखला व्हायोलिनच्या पेटीत, राळेच्या डबीखाली ठेवला. मास्तरांच्या हातात द्या, बोलू नका काही, नुसता द्या, असं रोज सकाळी बजावलं. तो रोज ‘हो’ म्हणाला. चौथ्या आठवड्यात तिनं पेटी उघडली तेव्हा दाखला घडीही न मोडता तिथंच होता. एकदा मी ठीक आहे म्हटल्यावर कागद कसा पुढे करायचा, त्याला अवघड वाटलं असणार. ती त्या दिवशी त्याच्यावर ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडली. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि वेळ झाली म्हणून पेटी उचलून निघून गेला.

पाचव्या आठवड्यात त्याला शर्टाचं बटण लावता येईना. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खाली बसला, तिथे खड्डा पडला. तालमीत सूर चुकायला लागले, तेव्हा मास्तरांनी आधी त्याला मागच्या रांगेत बसवलं. मग एक दिवस मध्येच सगळ्यांना थांबवून त्याचा हात हातात घेऊन पाहिला. ते स्वतः त्याला घरी सोडायला आले. जिन्यातच उभे राहून म्हणाले, “वहिनी, मला खरंच वाटलं की...” तिला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. तिनं त्यांना आत या असंही म्हटलं नाही. डॉक्टरांनी नंतर शस्त्रक्रिया केली, पण करायच्या आधीच सांगून ठेवलं की दुखणं कमी होईल, वाजवणं विसरा.

महिनाभरानं मॅनेजर बाई दुकानात आल्या. त्यांच्या गायिकेचा घसा बसला होता. त्यांना कळलं होतं सगळं. औषधाची बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, “दाखला नाट्यगृहाच्या कार्यालयात का नाही दिलात?”

“कार्यालयात कशाला?”

“डॉक्टरांचा कागद कार्यालयात जमा केला की तीन महिने खुर्ची राखून ठेवतात. करारातच आहे, मागच्या पानावर. त्यात मास्तरांना विचारायचाही प्रश्न येत नाही. माझ्या बासरीवाल्याला मी अशी दोनदा रजा घेऊन दिलीय.”

करार घरातच होता, कपाटात, साड्यांच्या खाली. मागचं पान तिनं कधी उलटलं नव्हतं. त्यानं तर पुढचंही वाचलं नव्हतं. “आम्ही फोन केला होता,” ती म्हणाली.

“हं,” बाई म्हणाल्या आणि नजर काढून घेतली. तिनं त्यांना सांगितलं, दोन-दोन चमचे, दिवसातून तीनदा, वर लगेच पाणी प्यायचं नाही. मग पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली. ती चिठ्ठी तिला बराच वेळ वाचता आली नाही.

आता तो घरीच असतो. परवा दुपारी ती भांडी लावत होती आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजला. कुणीतरी जुना आयोजक, ज्याला अजून काही कळलं नव्हतं. तिला त्याचा गोड आवाज ऐकू आला. “वा वा, किती दिवसांनी... हो, येतो की, तारीख सांगा ना.” ती हात पुसत बाहेर आली तर तो उजव्या हातानं फोन तिच्याकडे धरून होता. डावा मांडीवर पडला होता.

तिनं फोन घेतला. “ते आता वाजवत नाहीत,” ती म्हणाली. “डावा हात गेलाय त्यांचा. पुन्हा कधीच वाजवणार नाहीत.”

पलीकडे तो माणूस हसला. “बरं बरं, वहिनी. मग पुढच्या महिन्यात बघू.”

तिनं फोन ठेवला. नवरा खिडकीकडे बघत होता.

“काय सांगितलंस?”

“खरं तेच.”

मग उजव्या हातानं त्यानं डावा हात उचलून उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मांडीवर ठेवला.

“ताप सांगायचास गं,” तो म्हणाला. “ताप उतरतो.”