समुद्राच्या घरची पंगत

दौलतराव गेल्याचा निरोप त्यांच्या गावाहून, अड्याळहून आला, तेव्हा माझी सायंसंध्या नुकतीच आटोपली होती. डोळ्यांपुढे उभे राहिले ते धानाच्या बांधावरचे दौलतराव नव्हेत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, खाऱ्या पाण्यात बसून हसणारे दौलतराव... महिना उलटला, तरी त्या सायंकाळच्या स्मरणाने शोकाआधी अंगावर हर्षाचा काटाच येतो.

मी भंडाऱ्याच्या पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. ते शेतकरी, माझे बालमित्र. त्यांची एकुलती एक कन्या कमल. जावई टपाल खात्यात होते आणि बदली होऊन कोकणातील एका खाडीकाठच्या निवांत गावी राहत होते. लग्नाला बरीच वर्षे लोटूनही कमलला मूल झाले नव्हते; आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न घ्यावयाचे नाही, ही दौलतरावांच्या घराण्याची कडक रीत. म्हणून ते आपले तांदूळ सोबत नेत आणि लेकीच्या अंगणात विटांची चूल मांडून शिजवीत. कमल दारातून पाहत राही. त्या चुलीच्या धुरातून तिला दरवेळी आपले उणे नव्याने सांगितले जात असे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी मलाही बरोबर नेले. गाडीत म्हणाले, "महाराज, तुमी शास्त्र वाचलं. यातून वाट काढा, नाहीतं पोरगी मले बोलनंच सोडून देईन." कन्यादानात दिले ते पुन्हा भोगू नये, एवढेच मला सांगता आले, वाट काही सुचेना.

पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. दुपार कलल्यावर आम्ही गावामागच्या डोंगरावर देवीच्या दर्शनास निघालो. करवंदीच्या जाळ्यांमधून जाणारी उभी पायवाट, पायांखाली घसरणारे खडे... सपाट शिवारात जन्म काढलेले दौलतराव मात्र पुढे धावत होते.

"काकाजी, दम घ्या," कमल मला म्हणाली. "बाबाले आज डोंगर सापडला, आता ते कोनाचं आयकत नाही."

दर्शन घेऊन वळलो आणि खाली पाहतो, तो दुपारी जेथे होड्या हेलकावत होत्या, तेथे काळे खडक उघडे पडलेले!

"कमल, पानी कुठी गेलं?"

"ओहोटी हाय, बाबा. बाया कालवं काढून राहिल्या. खडकाले चिकटलेले शिंपले असतेत, ते फोडाचे. मीबी जाते कधी."

"ते जागा कोनाची?"

"कोनाचीच नाही. रात्री पानी चढलं का समुद्राची."

दौलतराव थबकले. "महाराज, समुद्राच्या घरी जेवाले बंदी हाय का?"

क्षणभर मला वाटले, देवीनेच त्यांच्या मुखातून विचारले. मी म्हणालो, "समुद्र हा लक्ष्मीचा पिता. एका लेकीच्या बापाकडे दुसऱ्या लेकीच्या बापाने जेवण्यात दोष कसला?"

मग उतरणीवर कोण कोणाला सावरत होते, ते देवीच जाणे. खडकावर चूल पेटली, जावईही येऊन मिळाले. तांदूळ दौलतरावांनीच आणलेले चिन्नोर, कालवे समुद्राची, हात तेवढा कमलचा. मी भात आणि मीठ घेतले. दौलतरावांनी पहिला घास कितीतरी वेळ तोंडात घोळवला.

"मीठ जास्त झालं का, बाबा?"

"नाही... वाढ आनखी."

सूर्य टेकला, भरती लागली. पाणी पत्रावळीपाशी आले तशी त्यांनी ती उचलून हातात धरली.

"मामाजी, उठा, पानी आलं," जावई काकुळतीला आले.

"येऊ द्या. घरधनी हायेत ते, पंगत पाहाले आले असतीन. कमल, वाढ."

कमरेला पाणी लागेपर्यंत ते जेवले. कमल हसत होती, रडत होती, वाढत होती.

पुढे दर हिवाळ्यात ते मला पंचांग पाहावयास लावून अमावास्या गाठूनच निघत. कमलला मूल झाले नाही. अंगणातली चूलही पुन्हा पेटली नाही.

तेरावे आटोपल्यावर कमल निघताना माझ्याजवळ आली. "काकाजी, येत्या अमावास्येले बाबाचं पान खडकावर मांडू का? लेकीनं मांडलं तं चालते का?"

शास्त्रात पाहतो, असे मी म्हणालो नाही.

"मांड," मी म्हणालो, "आणि पाणी चढेपर्यंत वाढत राहा."