बोटं दाखवा

आमचे हे जंगल खात्यात रखवालदार. राखीव जंगलातला तो उंच ग्रॅनाइटचा सुळका आहे ना, त्याच्या पायथ्याच्या फाटकावर पंचवीस वर्षं. संशयी तर इतके, की दूधवाला हसला तरी विचारतील, "आज काय विशेष?"

"माथा गाठला हो!" म्हणत कुणी उतरलं, की हे शांतपणे म्हणायचे, "बोटं दाखवा." शेवटचा कडा कानशीसारखा खरबरीत. हातांनी धरूनच चढावं लागतं, बोटांची टोकं सोलतातच. बोटं गुळगुळीत दिसली, की माणूस थापाड्या. माथा गाठल्याचा दाखला नाही! भल्याभल्यांची त्यांनी अशी जिरवली.

खात्याचा नियम असा, की पन्नाशी उलटलेल्या रखवालदाराने वर्षातून एकदा माथ्यावर जाऊन तिथल्या वहीत सही करायची. नाही जमलं तर नोकरी गेली, आणि खात्याने दिलेल्या आमच्या दोन खोल्याही.

एरवी सहीच्या दिवशी यांना परतायला दिवेलागण होते. यंदा दुपारीच आले, हात खिशात. मी मलम घेऊन पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे गं." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"अहो, बोटं दाखवा."

हात खिशातून बाहेर आले. एक ओरखडा नाही! गुडघ्याने कड्याखालीच दगा दिला होता. वर निघालेल्या एका बाईंना गळ घालून यांनी आपली सही करवून घेतली होती. असा संताप आला म्हणून सांगू! जन्मभर लोकांना खोटं पाडलंत आणि आता हे? भांडता भांडता रडूच आलं.

आठवड्याने साहेब वही घेऊन घरी आले. "वहिनी, सही वेगळी वाटते. हे खरंच वर गेले होते?"

हे मान खाली घालून बसलेले. मी चहाचा कप साहेबांच्या हातात दिला.

"गेले होते की! बोटं सोलून आले, मीच मलम लावलं. तसल्या बोटांनी सही धड येईल का, साहेब?"

साहेब हसले, चहा पिऊन गेले. नोकरी वाचली, घर वाचलं. मला वाटलं, हे निदान एक शब्द तरी गोड बोलतील.

"किती सहज बोललीस गं," म्हणाले.

तेव्हापासून मी "दाराला कडी लावली" म्हटलं, की हे दुखऱ्या गुडघ्याने उठतात आणि जाऊन बघून येतात.