गोळ्या सोडायला लावणारा योगी

हिंदी मुलखातल्या आमच्या पोलाद प्लांटच्या कॉलनीच्या बागेत सकाळी योगवर्ग घेणाऱ्या माणसाला सगळे गुरुजी म्हणत. मी कधी म्हटलं नाही. मी हिंदी शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे हा शब्द माझ्या तोंडून सहज कोणासाठी निघत नाही. हा माणूस प्लांटच्या कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेला. नोकरीत असताना लोकांना उगाच चकरा मारायला लावण्यासाठी ओळखला जायचा. रिटायर झाला, दाढी वाढवली, भगवा रेशमी कुर्ता शिवला आणि एका हाकेत ऐकू जाईल एवढ्याशा बागेत माइक लावून बसला.

योगाशी माझं भांडण नव्हतं. माझे वडील भंडाऱ्याकडचे शेतकरी. शेतावर जाण्याआधी अंगणात सूर्यनमस्कार घालायचे, थोडा वेळ डोळे मिटून बसायचे, आणि त्याबद्दल कधी कोणाशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मला गुडघ्यांचा त्रास होता, म्हणून मीही बागेत जाऊन मागच्या रांगेत बसू लागले. गुडघ्यांना आराम पडला, हे खरं आहे. पण त्यासाठी रोज त्याचं प्रवचन ऐकावं लागे. कपालभातीने मधुमेह जातो, अनुलोम-विलोमने हृदयाच्या अडकलेल्या नळ्या उघडतात. प्लांटची जी लाल धूळ जन्मभर छातीत गेली, तीही म्हणे श्वासावाटे बाहेर पडते. लोक माना डोलवत. भट्ट्यांपाशी उभं राहून आयुष्य काढलेली ही माणसं. लोखंड कशाने वितळतं हे त्यांना ठाऊक होतं, पण कुर्त्याचा रंग बदलला की त्यांची अक्कल कुठे जाते ते मला अजून कळलेलं नाही.

माझा नवरा पहिल्या रांगेत बसायचा. भट्टीवर तो फोरमन होता. कामावर त्याच्या शब्दाला किंमत होती, घरी रिकामा बसून तो कोमेजला होता. गुरुजी त्याला सगळ्यांसमोर 'हमारे तपस्वी' म्हणायचा. तेवढं पुरलं.

थंडीच्या दिवसांत एकदा औषधाचा डबा पुसताना दिसलं की नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं तशीच न फोडलेली पडली आहेत.

"गोळ्या कावून नाही घेऊन राहिले तुम्ही?" मी विचारलं.

"गुरुजीनं बंद करायले सांगितलं. शरीर आपोआप ठीक होते म्हणे. मले बरं वाटून राहिलं."

"डॉक्टरले विचारलं का?"

"डॉक्टर तं गोळ्याच देईन. त्याले दुसरं काय येते?"

हे वाक्य माझ्या नवऱ्याचं नव्हतं. ते माइकवरून आलेलं होतं, जसंच्या तसं. मी त्या दिवशी बोलले, रागावले, रुसले. तो गोळी हातात घ्यायचा आणि माझी पाठ वळली की मोरीत टाकायचा, हे मला नंतर समजलं.

पुढच्याच आठवड्यात वर्ग चालू असताना तो कलंडला. कपालभातीचा वेग वाढवत नेला होता, माइकवरून 'और तेज, और तेज' चाललं होतं. मी मागून पळत गेले. त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात उचलला जात नव्हता. गुरुजी आसनावरून उठलाही नाही. माइकमध्येच म्हणाला, "घबराइए नहीं, शुद्धि हो रही है। इन्हें लेटे रहने दीजिए।" आणि लोक खरोखर थांबले. माझ्या नवऱ्याचे जुने सोबती, हातभर अंतरावर, हात जोडून उभे. मी रस्त्यावर जाऊन ऑटो आणला तेव्हा कुठे दोघांनी त्याला उचललं.

अर्धांगवायूचा हलका झटका होता. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या बंद केल्याचं ऐकून त्यांनी फक्त पेन खाली ठेवला.

दोन दिवसांनी गुरुजी फळं घेऊन वॉर्डात आला. सोबत फोटो काढायला एक शिष्य. खाटेशी उभा राहून मला म्हणाला, "श्रद्धा में थोड़ी कमी रह गई, माताजी।"

मी त्याला विचारलं, योगाची अंगं किती आणि पहिलं कोणतं. मला वाटलं होतं अडखळेल. त्याने आठही अंगं घडाघडा म्हटली, यमातली अहिंसा, सत्य, सगळं शुद्ध उच्चारांत. आसन तिसरं येतं हेही सांगितलं. मग मान झुकवून हसला. त्याला येत नव्हतं असं नव्हतं. दुसऱ्याला इजा करू नये आणि खोटं बोलू नये, ही ज्या विद्येची पहिली पायरी, ती पाठ करून हा माणूस रोज सकाळी खोटं बोलत होता. माझी उरलीसुरली दया तिथेच संपली. मी फळं त्याच्या हातात परत दिली.

नवरा घरी आला. गोळ्या मी समोर बसून द्यायचे. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं की जोरजोरात काही करायचं नाही, पण संथ श्वास घ्या, हळूहळू चाला, मन शांत ठेवा. आम्ही गच्चीवर चटई टाकून तेवढंच करायचो. हाताला ताकद आली. बीपी ताब्यात आलं, तेव्हा बाईंनी स्वतः एक गोळी कमी केली, बाकीच्या चालू ठेवल्या.

ही बातमी बागेत पोचली. एका सकाळी चालायला गेलो तर गुरुजीने आम्हाला बोलावून पुढे उभं केलं आणि माइकवर सांगितलं की आमचे तपस्वी परत आले, योगाने दवा सुटू लागली आहे. टाळ्या पडल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने माइक आपल्याकडे ओढला. झटक्यानंतर तो सावकाश बोलत असे.

"गोली तो मैं रोज खाता हूँ," तो म्हणाला. "आज भी खा के आया। बंद की थी, तब गिरा था।"

गुरुजीने माइक परत घेतला, डोळे मिटले आणि ओंकार सुरू केला. बहुतेकांनी त्याच्या मागोमाग डोळे मिटले. ते तसंच होणार होतं.

आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा मागून एक बाई आली. चेहऱ्याने ओळखीची, आमच्याकडचीच मराठी. दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, आमच्या यायनंही शुगरच्या गोळ्या सोडल्या. महिना होऊन राहिला. काय करू?"

"आजच दवाखान्यात न्या," मी म्हटलं. "इथून सरळच न्या."

तिने मागे वळून पाहिलं. तिचा नवरा पहिल्या रांगेत, माझ्या नवऱ्याच्या जागेवर बसला होता. ती तशीच अनवाणी आत गेली आणि सगळ्यांदेखत त्याचं मनगट धरून त्याला उठवू लागली.